वजनाचं इंजेक्शन आणि इलेक्ट्रोलाइटची पुडी

वजन कमी करण्याचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं असेल, तर रोज इलेक्ट्रोलाइट घ्यावं का? आधी उत्तर, मग कारणं. रोज नको. उलट्या-जुलाबाच्या दिवशी घ्यावं आणि मोजून घ्यावं. रक्तदाब, किडनी किंवा हृदयासाठी गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जुहूत हा प्रश्न हल्ली फार ऐकू येतो. पहाटे चौपाटीवर चालायला येणाऱ्यांच्या हातात पूर्वी साध्या पाण्याची बाटली असे. आता तिच्यात नारंगी नाहीतर गुलाबी गोळी फसफसत असते. जेव्हीपीडीच्या जिममधला ट्रेनर ती सुचवतो, इर्ल्याच्या केमिस्टकडे ती काउंटरवरच मांडलेली असते, आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी सांगतं, ‘इंजेक्शन घेतेस ना? मग इलेक्ट्रोलाइट हवंच.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तुमच्या औषधांच्या डब्यात काय काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि इथे सगळं त्या डब्यावरच ठरतं.

सेमाग्लुटाइडची गोळी, रायबेल्सस, मधुमेहासाठी आपल्याकडे २०२२पासून आहे. टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, मार्च २०२५मध्ये आलं. तेव्हा सुरुवातीच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही आलं आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक, दोन्ही सेमाग्लुटाइडचीच इंजेक्शनं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६पर्यंतचं होतं. ते संपल्यावर इतर कंपन्यांनाही हे औषध बनवता येतं, त्यामुळे हा विषय आता जुहूच्या बंगल्यांपुरता राहत नाही. तो बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या टू-बीएचकेमध्ये पोचतो. तिथे डॉक्टरांकडे दर महिन्याला जाणं परवडतंच असं नाही, आणि शेजारच्यांचा सल्ला मात्र फुकट मिळतो.

पाणी कमी कसं पडतं

ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात. पोट उशिरा रिकामं होतं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर पोचतो, भूक मंदावते. भुकेबरोबर तहानही मंदावू शकते, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शिवाय आपण पाणी फक्त ग्लासातून पीत नाही. आमटी, ताक, भाजीचा रस, भात, फळं यांतूनही ते पोटात जात असतं. दोन पोळ्यांची एक झाली, आमटीची वाटी अर्धी राहिली, ताक नकोसं झालं, की पाण्याचा तो वाटा गुपचूप कमी होतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडते. खाणं कमी झाल्यावर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी खर्च करतं. ही साखर आपल्या वजनाच्या जवळपास तिप्पट पाणी धरून असते आणि ती संपली की ते पाणीही बाहेर पडतं. इन्शुलिन खाली येतं तसं किडनी सोडियमही थोडं जास्त सोडते. पहिल्या पंधरा दिवसांत काटा झरझर उतरतो त्यात या पाण्याचा वाटा बराच असतो. तेव्हा पेढे वाटायची घाई नको, आणि पुढे काटा अडला म्हणून निराश व्हायचंही कारण नाही.

मग येतात उलट्या आणि जुलाब. वेगोव्हीच्या मुख्य चाचणीचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, पण औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना मळमळ, साधारण ३० टक्क्यांना जुलाब आणि २५ टक्क्यांच्या आसपास लोकांना उलट्या झाल्या. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि काही दिवसांत ओसरला. डोस वाढवल्यानंतरचे दिवस त्यातल्या त्यात अवघड. वेगोव्हीचा डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४पर्यंत दर चार आठवड्यांनी एक पायरी चढतो, माउंजारो २.५पासून सुरू होतं. प्रत्येक पायरीनंतरचा आठवडा कॅलेंडरवर खूण करून ठेवण्यासारखा. त्या आठवड्यात लग्नाची पंगत किंवा लांबचा प्रवास न ठेवलेला बरा.

या औषधांच्या माहितीपत्रकात किडनी अचानक बिघडण्याचा इशारा दिलेला असतो. तो वाचून लोक घाबरतात. औषध थेट किडनी खराब करतं असा त्याचा अर्थ नाही. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडतं आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, हा खरा धोका. उलट टाइप-२ मधुमेह आणि किडनीचा जुना आजार असलेल्या रुग्णांवर सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४मध्ये आले, आणि त्यात किडनीच्या गंभीर घटनांचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी आढळलं. तेच औषध किडनी जपतंही आणि कोरड्या पडलेल्या शरीरात तिला अडचणीतही आणू शकतं. म्हणून या औषधावर असताना पाण्याकडे लक्ष ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे.

मिठाचा हिशोब

इलेक्ट्रोलाइट म्हणजे मुख्यतः सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि मॅग्नेशियम. यातल्या सोडियमचाच धंदा सगळ्यात मोठा चालतो, म्हणून आधी त्याचं गणित.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, असं देशपातळीवरच्या पाहणीत दिसलं आहे. आपल्या ताटाकडे पाहिलं तर ते पटतं: आमटीत मीठ, भाजीत मीठ, पोळीच्या कणकेत मीठ, वर लोणचं आणि पापड. इंजेक्शनमुळे जेवण एक तृतीयांशाने घटलं असं धरू. आठाचे सव्वापाच झाले. म्हणजे ज्या आकड्यावर आणण्यासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते, त्याच्या जवळ तुम्ही आपोआप पोचलात. आता त्यावर रोज पुडी ओतून पुन्हा आठ करायचे, हा उद्योग कशासाठी?

चौपाटीवर पाऊण तास चाललो तर घाम येतो, हे खरं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तो आहे त्याहून जास्त वाटतो. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. पण पाऊण तासाच्या चालण्याने सहसा लिटरभर घाम जात नाही, आणि जे जातं ते दुपारच्या वाटीभर आमटीने भरून निघतं. मे महिन्याच्या उन्हात दोन तास क्रिकेट खेळणारा, बांधकामावर उभा राहणारा, किंवा मॅरेथॉनची तयारी करणारा यांचं गणित वेगळं. तुम्ही त्यातले असाल तर इंजेक्शन नसतानाही तुम्हाला मीठ लागलं असतं.

या हिशोबात न बसणारे लोक आहेत. पूर्वीपासून अळणी खाणारे, सत्तरी ओलांडलेले, इंजेक्शनच्या जोडीला ‘कीटो’ करणारे. कीटोमध्ये शरीर सोडियम आणखी सोडतं. इंजेक्शन आणि कीटो एकत्र करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पुडीत काय असतं

‘इलेक्ट्राल’ हे नाव आपल्याकडे आता सामान्यनाम होऊन बसलं आहे. ते बनवणाऱ्या एफडीसी कंपनीचं मुख्य कार्यालय जुहूपासून जवळच, जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. या पुडीतलं मिश्रण कंपनीने मनाने ठरवलेलं नाही. ते जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं ओआरएसचं सूत्र आहे. त्याचं आजचं रूप २००२चं: एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज.

ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. म्हणून जुलाबात ‘शुगर-फ्री’ पावडर ओआरएसचं काम करत नाही. १९७१च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि सलाईन संपलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण ड्रममधून पाजून हजारोंना वाचवलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर, २०२३मध्ये. मधुमेह्यांनीही हे लक्षात ठेवावं: जुलाबाच्या दिवशी पुडीतल्या साखरेला घाबरायचं नाही. २०० मिलीच्या ग्लासात ती पावणेतीन ग्रॅमच असते.

घाबरायचं ते मिठाला. पूर्ण लिटरमध्ये सुमारे १,७२५ मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा. ‘दिवसभर घोट घोट लिटरभर पितो’ असं म्हणणारा निरोगी माणूस मिठाचं दुसरं जेवणच जेवत असतो. २०० मिलीच्या छोट्या पुडीत ३४५ मिलिग्रॅम सोडियम येतं. आणि गंमत म्हणजे, एका ग्लास ताकात पाव चमचा मीठ घातलं तर त्यात पाचशेहून जास्त असतं.

दुकानात आणखी एक गोंधळ आहे. ओआरएसच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून गोड पेयांचे टेट्रापॅक वर्षानुवर्षं विकले गेले. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध अनेक वर्षं लढल्या. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की, कुठल्याही खाद्यपेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द, पुढेमागे काही जोडूनही, वापरता येणार नाही. तरीही पाकीट उलटून पाहायची सवय ठेवा. खऱ्या ओआरएसवर ‘ओरल रीहायड्रेशन सॉल्ट्स’, आय.पी. आणि औषध-उत्पादनाचा परवाना क्रमांक छापलेला असतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असेल तर ते खाद्यपदार्थ आहे, औषध नव्हे. फसफसणाऱ्या गोळ्या आणि स्पोर्ट्स ड्रिंक याच वर्गातली. ती विषारी आहेत असं नाही, पण जुलाबाचा उपचार म्हणून ती घेऊ नयेत. शिवाय पोट आधीच उशिरा रिकामं होत असताना त्यात गॅस भरणं म्हणजे ढेकरांना आमंत्रण.

आता तुमचा डबा उघडा

वजनाचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी अनेकांना रक्तदाब किंवा मधुमेह असतोच. त्यामुळे पुडीपूर्वी गोळ्यांची पानं वाचायची.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन तर फारच. त्यात किडनी थोडी अशक्त असली आणि तुम्ही रोज दोन शहाळी, वर पोटॅशियमची पावडर आणि स्वयंपाकात ‘लो-सोडियम’ मीठ घेत असलात, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. हृदयाचे ठोके बिघडेपर्यंत अनेकदा त्याची काही खूणही दिसत नाही. लो-सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटावर हृदयाचं चित्र असलं, तरी किडनीच्या रुग्णासाठी ते मीठ नाही.

गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी शेपटी असेल तर तिच्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. ते सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही बाहेर काढतं. इथे धोका उलट्या दिशेचा. विशेषतः वयस्क बायकांनी या गोळ्या घेऊन, कमी जेवून, ‘पाणी भरपूर प्या’ हा सल्ला शब्दशः पाळत चार-चार लिटर साधं पाणी प्यायलं, की रक्तातलं सोडियम खाली घसरतं. आई गप्प गप्प आहे, तोल जातो, बोलताना गोंधळते, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि तपासणीत सोडियम १२० निघतं. ते १३५ ते १४५ असायला हवं.

दुसरं म्हणजे, वजन उतरलं की रक्तदाबही उतरतो. जुना डोस तसाच चालू राहिला तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक त्याला ‘इलेक्ट्रोलाइट कमी पडलं’ म्हणतात आणि मिठाचं पाणी पितात. मिठाने रक्तदाब वर ढकलायचा आणि गोळीने खाली, असा खेळ सुरू होतो. खरं तर गोळीचा डोस कमी करायची वेळ आलेली असते. घरी यंत्र असेल तर बसून आणि मग उभं राहून एका मिनिटाने रक्तदाब मोजा, आठवडाभराचे आकडे लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. एवढ्या कागदावर बरंच काही ठरतं.

मधुमेही इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असेल तर गरगरणं, घाम, थरथर ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. आधी बोट टोचून साखर मोजा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता घरोघरी आहेत. त्या लघवीतून साखर आणि पाणी दोन्ही काढतात. उलट्या होत असताना, खाणं बंद असताना त्या चालू ठेवल्या तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा चांगला दिसू शकतो, म्हणून घरच्यांची फसगत होते.

दोन लहान पण उपयोगी गोष्टी. रायबेल्ससची गोळी सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिली साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. ती इलेक्ट्रोलाइटच्या पाण्याबरोबर घेतली तर महागडी गोळी वाया गेलीच म्हणा. आणि थायरॉइडची गोळी व मॅग्नेशियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं. मॅग्नेशियमबद्दल सांगायचं तर, रात्री पोटरीत गोळा आला म्हणून ते स्वतःहून सुरू करू नका. त्याच्या बऱ्याच गोळ्यांनी जुलाब होतात. बद्धकोष्ठ असेल तर ते पथ्यावर पडतं, नसेल तर पाणी आणखी जातं. किडनी अशक्त असेल तर ते शरीरात साठतं.

मग रोज काय प्यायचं

पाणी. मुंबईच्या हवेत बहुतेकांना दिवसाला दोन ते अडीच लिटर पुरतं, त्यात ताक, चहा, सूप सगळं धरून. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तोच आकडा पाळायचा. तहानेची वाट पाहू नका. ती या औषधावर विश्वासू राहत नाही. लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर लघवी पिवळीधमक होते, तेव्हा ही खूण चालत नाही.

पाणी जेवताना नको, दोन जेवणांच्या मध्ये. पोटात जागाच थोडी आहे, ती डाळ, अंडं, मासा, पनीर, दही यांना द्यायची. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेत असाल तर त्याच्याबरोबर पूर्ण ग्लासभर पाणी हवंच. कमी पाण्यात ते उलट अडकून बसतं.

आपल्या स्वयंपाकघराला या बाबतीत बाहेरून शिकण्यासारखं फारसं नाही. मळमळीच्या दिवशी तांदळाची पेज, चिमूटभर मीठ घालून, कोमट. ती पोटात ठरली की मऊ भात आणि मेतकूट. पातळ ताक, जिरं-हिंग लावून. नाचणीची आंबील. मुगाच्या डाळीचं वरचं पाणी. लिंबू सरबत चालेल, पण आंबट ढेकर येत असतील तर नको. सोलकढी मात्र त्या दिवशी टाळा. नारळाच्या दुधातली चरबी पोटात रेंगाळते आणि मळमळ वाढवते. पन्ह्यात गूळ किंवा साखर किती पडते हे करणारीलाच माहीत, म्हणून ते आवडीने प्यायचं पेय आहे, उपचाराचं नव्हे. जुहू कोळीवाड्याच्या बाजारातून आणलेला खारा बांगडा आवडत असेल, तर सोडियमची चिंता तुम्ही करूच नका.

शहाळ्याबद्दल फार गैरसमज आहेत. चौपाटीवर चालून आलेला प्रत्येक जण ते ‘नैसर्गिक ओआरएस’ म्हणून पितो. एका शहाळ्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि सोडियम त्यामानाने थोडं. उलट्या-जुलाबात जास्त जातं ते सोडियम. तेव्हा शहाळं म्हणजे चांगलं पेय, पोटॅशियमचा चांगला साठा, पण ओआरएसची जागा ते घेत नाही. टेल्मिसार्टन घेणाऱ्या निरोगी किडनीच्या माणसाला अधूनमधून एक शहाळं चालतं. किडनीच्या रुग्णाने विचारून घ्यावं.

उपवासाचं स्वतंत्र सांगावं लागेल. हरतालिकेचा निर्जळी उपवास, पर्युषणातले कडक उपवास, रमजानचे रोजे हे सगळं जुहूच्या एकेका इमारतीत सापडतं. या औषधावर असताना निर्जळी उपवास करू नये. एकादशीच्या साबुदाणा खिचडीनेही अनेकांचं पोट बिघडतं, कारण तूप आणि दाण्याचं कूट पोटात तासन्‌तास बसून राहतं. इथे गांधीजींची आठवण होते. १९२४मध्ये ससूनमधल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर आणि १९४४मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर ते विश्रांतीसाठी जुहूलाच राहिले होते. गांधीग्राम रोड हे नाव इथे आजही आहे. १९३२च्या येरवड्याच्या उपोषणाआधी ब्रिटिश पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी पाणी सोडलं नव्हतं, आणि त्या पाण्यात मीठ किंवा सोडा घालायची मुभाही ठेवली होती. आमरण उपोषणाला बसणाऱ्याने जे सोडलं नाही, ते आपण हौसेने का सोडावं?

पुडी फोडायचा दिवस

जुलाब सुरू झाले किंवा दोन-तीनदा उलटी झाली, तर तो पुडीचा दिवस. छोटी पुडी २०० मिली पाण्यात, मोठी पूर्ण एका लिटरमध्ये. अंदाजे ग्लासभर पाण्यात मोठी पुडी ओतू नका. इतकं खारट पाणी जुलाब वाढवतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग एक-दोन चमचे, काही मिनिटांनी पुन्हा. गटागटा प्यायलात तर ते परत येईल. दर पातळ जुलाबानंतर ग्लासभर. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त होण्यापेक्षा कमी पडलेलं चालेल. जुलाब थांबले, खाणं सुरू झालं, की पुडी बंद.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा: रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन यांतलं आज काय थांबवू? हा प्रश्न औषध सुरू करतानाच विचारून कागदावर लिहून घेतला असेल तर उत्तम. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. कोरड्या शरीरात ती किडनीवर थेट घाव घालतात. पुढचं इंजेक्शन घ्यायचं की पुढे ढकलायचं, हेही डॉक्टरांनाच विचारा. सेमाग्लुटाइड रक्तात निम्मं व्हायला आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. त्यामुळे आज डोस चुकवला म्हणून उद्या मळमळ थांबत नाही.

प्रत्येक जुलाब इंजेक्शनचाच असतो असंही नाही. पावसाळ्यात मुंबईत गॅस्ट्रो असतोच, आणि चौपाटीवरची पाणीपुरी काही औषधाच्या माहितीपत्रकात नसते. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल, घरात आणखी कुणाला त्रास असेल, तर कारण दुसरं शोधायला हवं.

पुढची लक्षणं दिसली तर पुडी बाजूला ठेवा. चोवीस तास काहीच पोटात ठरत नाही, आठ-दहा तास लघवी नाही, माणूस गोंधळलेला किंवा सुस्त, पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून कळ पाठीत जाते (स्वादुपिंडाला सूज असू शकते), उजव्या बरगडीखाली दुखतं आणि डोळे पिवळे दिसतात (झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात), छातीत धडधड. अशा वेळी १०८ला फोन करा, किंवा जवळ असेल ते रुग्णालय गाठा. जुहूकरांना कूपर आणि नानावटी दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. जाताना सगळ्या गोळ्यांची पानं आणि इंजेक्शनचं पेन एका पिशवीत टाकून न्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरला ‘वजनाचं इंजेक्शन चालू आहे, शेवटचा डोस अमुक वारी घेतला’ हे पहिल्या वाक्यात सांगा. अनेक जण लाजेपोटी हे लपवतात, आणि मग निदानाला उशीर होतो.